दुकानाची पायरी : कापडाच्या बाजाराचा इतिहास आणि काही प्रश्न



आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या जुन्या मास्तराने कापडाच्या दुकानांवर काय बोलावं, असा प्रश्न विषय वाचून तुमच्यापैकी काहींना पडला असेल. प्रश्न रास्त आहे. वेशभूषेचा इतिहास आपल्याकडे बराच लिहिला गेला. पगडी कशी होती, नऊवारीची सहावारी केव्हा झाली, धोतरावर कोट केव्हा चढला, यावर लेख आहेत, पुस्तकं आहेत. पण हे कापड माणसाने आणलं कुठून? कुणाच्या दारातून आणलं? त्या दाराशी त्याला वागवलं कसं? इकडे आपलं लक्ष कमी जातं. जणू कपडे झाडाला लागतात आणि आपण ते तोडून घेतो!

म्हणून आज आपण दुकानाला तीन प्रश्न विचारणार आहोत. पहिला, या दुकानाची पायरी कोण चढू शकतो? दुसरा, आत गेल्यावर सगळ्यांना भाव एकच आहे का? आणि तिसरा, माल खरा की खोटा हे कुणाला कळतं, घेणाऱ्याला की देणाऱ्याला? वाटेत एक चौथा प्रश्नही उभा राहील. तो आला की त्याच्याकडे बघू.

सुरुवात बाजारापासून करू. दुकान ही चीज बाजाराच्या मानाने नवी. आठवडी बाजार जुना. पुण्याच्या पेठांची नावं पाहा. सोमवार, मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. आठवड्याचा अख्खा वारक्रम जमिनीवर उतरलेला आहे. त्यातल्या रविवार पेठेत कापडगंज हे नाव अजून टिकून आहे. बाजाराला दार नसतं, उंबरठा नसतो. विणकर किंवा व्यापारी पथारी टाकतो, दिवस मावळला की गठ्ठा बांधून पुढच्या गावाला जातो.

आणि विकलं काय जायचं? धोतरजोडी, लुगडं, उपरणं, पागोटं, चोळीचा खण. यातल्या खणाला तेवढी सुई लागते, बाकीचं सगळं न शिवलेलं. हे फार महत्त्वाचं आहे. न शिवलेल्या वस्त्राला माप नसतं, लांबी असते. एकच लुगडं आई नेसते, लेक नेसते, सून नेसते. वस्त्राला अंगाजोगं करण्याचं काम दुकानदार करत नाही, नेसणारी करते. त्यामुळे कापडाचं ज्ञानही नेसणाऱ्याकडे राहायचं. बोटांच्या चिमटीत पदर धरून सूत कोणतं, पोत कसा, रंग पक्का की पहिल्या धुण्यात जाणारा, हे सांगणाऱ्या बायका आपल्या आजीच्या पिढीत घरोघर होत्या. तिसऱ्या प्रश्नाचं त्या काळचं उत्तर असं, की माल घेणाऱ्यालाही कळायचा.

कापडविक्याची आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट संत नामदेवांची आहे. नामदेव शिंपी समाजातले. वडिलांनी कापड विकायला बाजारात धाडलं, आणि नामदेवांनी ते दगडधोंड्यांना उधारीवर देऊन टाकलं, वर एका धोंड्यालाच जामीन धरलं, अशी कथा सांगतात. भक्तीची गोष्ट म्हणून आपण ती ऐकतो. पण बाजाराच्या बाजूने पाहिली तर तिच्यातला विनोद वेगळाच आहे. उधारी आणि जामीन हे शब्द ऐकणाऱ्याला इतके ओळखीचे होते, की दगडाला जामीन धरल्यावर लोक हसणार हे सांगणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. कापड आणि उधारी ही जोडी इतकी जुनी आहे.

आता पेठेतल्या दुकानात येऊ. रस्त्यापासून दोन पायऱ्या वर. चपला खाली. आत पांढऱ्या चादरीने मढवलेली गादी, लोड, तक्के. मागे कप्प्यांत ताके रचलेले. हाताशी लाकडी गज. शेठजी वहीवर, नोकर ताका उलगडतोय. हे दुकान म्हणजे बैठकच. गिऱ्हाईक बसतं, पाणी येतं, घरची चौकशी होते, मग हळूच कापडाचा विषय निघतो. लग्नाचा बस्ता असला तर दोन्हीकडची मंडळी जमणार. शालू, शेला, मानाची लुगडी, आहेराची पागोटी. कुणाच्या मामीला कोणत्या किमतीचं द्यायचं, यावरून लग्न मोडायची वेळ येणार आणि दुकानदारच मध्ये पडून ती निभावून नेणार.

इथे भाव ठरलेला नसतो. शंभर सांगायचे, साठ मागायचे, ऐंशीवर यायचं. भवानीची वेळ असली तर आणखी थोडं खाली. पुष्कळ लोकांना या घासाघिशीत गंमत वाटते, आणि ती आहेच. पण जरा तिच्या आत शिरून बघा. घासाघीस म्हणजे ज्ञानाची झुंज. ज्याला बाजार ठाऊक, तो जिंकतो. आणि ज्याला ठाऊक नाही तो? खेड्यातून पहिल्यांदा आलेला, अक्षरओळख नसलेला, एकटी बाई, लहान मूल? त्यांना तोच ताका जास्त भावाने मिळतो. म्हणजे ज्याच्याकडे आधीच कमी आहे, त्यालाच महाग.

शिवाय उधारी. वहीत काय लिहिलंय हे वही लिहिणाऱ्यालाच कळायचं. गावोगावचा दुकानदार हाच बहुधा सावकारही असे. कापड आज, पैसे सुगीला, आणि सुगी बुडाली की व्याज. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी उठाव केला, तेव्हा त्यांचा मुख्य राग माणसांवर नव्हता, कागदांवर होता. रोखे आणि वह्या त्यांनी जाळल्या. गादीवरच्या बैठकीत जो ओलावा होता, त्याची ही दुसरी बाजू आपण विसरता कामा नये.

आणि तिसरी बाजू त्याहून कठीण. या दोन पायऱ्या सगळ्यांसाठी नव्हत्या. अस्पृश्य मानलेल्या माणसाने खाली, रस्त्यावर उभं राहायचं. नाणं लांब ठेवायचं. माल वरून टाकला जायचा. अशा आठवणी दलित आत्मकथनांतून आल्या आहेत. आता विचार करा. कापड हे हाताने पाहून घ्यायचं. ज्याला हातच लावू दिला जात नाही, तो पोत कसा बघणार? ताका उलगडून दाखवा, असं तो म्हणणार तरी कसा? त्याच्यासाठी घासाघीस नव्हती आणि निवडही नव्हती. जे पदरात पडेल ते घ्यायचं. आपले तिन्ही प्रश्न इथे एकाच जागी येऊन भिडतात.

आता जरा युरोपात जाऊन येऊ. लवकरच परत फिरू.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर नावाचा एक धर्मपंथ निघाला. जॉर्ज फॉक्स हे त्याचे प्रवर्तक. या मंडळींनी आपल्या दुकानांत घासाघीस बंद केली. कारण काय? धंद्याचं नव्हे, सत्याचं. जो भाव आपण घेणारच नाही तो तोंडाने सांगणं म्हणजे खोटं बोलणं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून एकदाच, खरा भाव सांगायचा. झालं असं, की लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसला आणि त्यांची दुकानं उत्तम चालू लागली!

इथेच आमच्या विषयातला एक मोठा माणूस येतो. इमान्युएल कान्ट. घोड्यांचे साज, चामड्याचे पट्टे बनवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. १७८५ साली त्याने नीतिशास्त्रावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्याने एका दुकानदाराचं उदाहरण घेतलं आहे. हा दुकानदार अजाण गिऱ्हाइकाला फसवत नाही. त्याचा भाव सगळ्यांना सारखा, इतका की लहान मूलही त्याच्याकडे इतरांच्याच भावाने खरेदी करू शकतं. मग हा दुकानदार नीतिमान म्हणायचा का? कान्ट म्हणतो, थांबा. कदाचित धंदा टिकावा म्हणून तो तसं वागत असेल. कृती कर्तव्याला धरून आहे, पण ती कर्तव्यबुद्धीतून आली आहे असं एवढ्यावरून म्हणता येत नाही.

आम्ही वर्गात हे उदाहरण वर्षानुवर्षं शिकवलं. बहुतेक विद्यार्थी दुकानदाराच्या मनाचा विचार करत. पण त्या उदाहरणात आणखी एक माणूस आहे, ते लहान मूल. त्याच्या बाजूने पाहिलं तर प्रश्न निराळा होतो. दुकानदाराचं मन शुद्ध आहे की नाही, याच्याशी त्या मुलाला काय करायचंय? त्याला भाव बरोबर मिळतोय ना? हा धागा हातात ठेवा. पुढे लागणार आहे.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये ही कल्पना मोठ्या प्रमाणावर आली. आरिस्तीद बुसिको १८५२ साली ‘बाँ मार्शे’ या दुकानात भागीदार झाला आणि त्याने ते वाढवत नेलं. किमतीची चिठ्ठी मालावर लावलेली. आत या, हिंडा, नाही घेतलं तरी चालेल. पसंत नसेल तर परत करा. यातलं सगळंच त्याने शोधून काढलं असं नाही, आधीच्या काही दुकानांत हे थोडंफार होतंच. पण त्याने ते एका छपराखाली आणलं. एमिल झोलाने १८८३ साली अशाच एका अवाढव्य दुकानावर कादंबरी लिहिली. त्यात झगमगाट आहे, आणि त्या झगमगाटापुढे बुडणारे शेजारचे छोटे दुकानदारही आहेत. आजचा मॉल आणि गल्लीतलं दुकान यांचा वाद त्या कादंबरीत आधीच मांडून ठेवला आहे.

ही दुकानं मग मुंबईत आली. ‘व्हाइटअवे लेडलॉ’ ही कंपनी १८८२ मध्ये कलकत्त्यात निघाली आणि तिचं भव्य दुकान मुंबईतही उभं राहिलं. ही मंडळी उधार देत नसत. म्हणून तिच्या नावावर कोटी करून इंग्रज लोक तिला ‘राइट अवे अँड पेड फॉर’ म्हणत, म्हणजे जागच्या जागी रोख मोजा. ‘आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स’चं मूळ लंडनमधलं. लष्करी अधिकाऱ्यांनी १८७१ साली स्वतःसाठी काढलेली ती सहकारी संस्था. सभासदालाच खरेदी करता यायची. काळा घोड्याजवळ तिची इमारत आजही त्याच नावाने ओळखली जाते.

इथे एक गोष्ट स्पष्ट होते. या दुकानांत भाव एकच होता. आपल्या दुसऱ्या प्रश्नाला छान उत्तर. पण पहिल्या प्रश्नाला? पायरी होती गोऱ्या साहेबाची, आणि फार तर पैसेवाल्या देशी माणसाची. भावाची समता आणि दाराची समता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक आली म्हणून दुसरी मागोमाग येतेच असं नाही.

याच काळात मुंबई स्वतः कापड काढू लागली होती. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली गिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांनी ताडदेवच्या त्या गिरणीत उत्पादन सुरू झालं. पुढे गिरण्यांची रांगच लागली. मूळजी जेठा मार्केट, मंगलदास मार्केट हे त्या कापडाचे मोठे बाजार. गाठी इथून सुटायच्या आणि देशभर जायच्या.

मग स्वदेशी आली, आणि दुकान हा राजकारणाचा विषय झाला. १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. तरुण सावरकरांचा त्यात पुढाकार होता, लोकमान्य टिळक आणि शिवरामपंत परांजपे तिथे बोलले. पण नुसतं जाळून भागत नाही, दुसरं काहीतरी अंगावर घालावं लागतं. त्या गरजेतून मुंबईत ‘बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स’ उभं राहिलं. पुढे ३१ जुलै १९२१ रोजी परळला, एल्फिन्स्टन मिलच्या आवारात, गांधीजींच्या हस्ते विदेशी कापडाची प्रचंड होळी पेटली. आणि गावोगाव खादी भांडारं निघाली.

आता तो चौथा प्रश्न. खादी भांडाराने तो विचारला. हे कापड केलं कुणी, आणि त्याला काय मिळालं? तोवर दुकानात दोनच माणसं होती, देणारा आणि घेणारा. खादीने तिसरं माणूस आत आणून बसवलं, सूत कातणारी बाई. १९२५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला. १९३५ मध्ये गांधीजींनी आग्रह धरला की कातणारणीला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. यामुळे खादी महाग होईल, खप पडेल, असं कार्यकर्ते म्हणत होते. गांधीजींचं म्हणणं असं, की स्वस्त खादीसाठी कातणारी उपाशी राहणार असेल तर ती खादी काय कामाची?

पण इतिहास एकरंगी नसतो. रवींद्रनाथ टागोरांनी १९१६ च्या ‘घरे बाइरे’ कादंबरीत याच चळवळीला एक अवघड प्रश्न विचारला. स्वस्त विलायती कापडावर ज्याचा निभाव लागतो, त्या गरिबाने काय करायचं? बाजारातला गरीब विक्रेता, त्याचा माल आपण जाळायचा, तो कुणाच्या पैशाने? आपण देशासाठी त्याग करतो तेव्हा त्याची किंमत खरोखर आपणच मोजतो ना, हे तपासून बघायला हवं.

मुंबईत दादाभाई नौरोजी रस्त्यावर व्हाइटअवे लेडलॉची इमारत होती. स्वातंत्र्याच्या सुमाराला तिथे खादी भांडार आलं. साहेबाच्या दुकानात गांधींचं कापड! इतिहास कधीकधी असा खट्याळपणा करतो.

दुसऱ्या महायुद्धात कापड दिसेनासं झालं. १९४३ साली सरकारने कापड आणि सूत नियंत्रणाचा हुकूम काढला. ‘कंट्रोलचं कापड’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून आपल्या भाषेत आहे. त्यासाठी रांगा लागल्या, काळाबाजारही झाला. पण भाव ठरवणं ही दुकानदाराची खासगी बाब नाही, हा विचार त्यातून रुजला. १९४८ साली नायगावच्या गिरणी कामगारांनी एकत्र येऊन ‘अपना बाजार’ सुरू केला. रोज कापड विणणारा माणूस इथे दुकानाचा मालकही झाला. ही मोठीच गोष्ट होती.

पण पहिला प्रश्न अजून बाकीच आहे. पायरीचा.

त्यासाठी आपल्याला महाडला जावं लागेल. डिसेंबर १९२७. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने कोणती वस्त्रं वापरावीत हे सांगितलंय. प्रेतावरची! ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. आणि त्याच परिषदेच्या दिवसांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथल्या स्त्रियांशी बोलले. लुगडं नेसण्याची तुमची पद्धत ही तुमची ओळख बनवली गेली आहे, ती बदला. इतर स्त्रिया नेसतात तसं नीट, घोळदार नेसा. अंगावरचे ते जड दागिने टाका. स्त्रियांनी ते लगेच अमलात आणलं. आपण या दोन घटना वेगवेगळ्या लक्षात ठेवतो. त्या एकत्र ठेवून बघा. जो ग्रंथ माणसाला मेलेल्याचं वस्त्र नेमून देतो त्याला अग्नी, आणि लगोलग जिवंत माणसाने आपलं वस्त्र आपण ठरवायचं. 

याच बाबासाहेबांनी पुढे संविधानाच्या मसुद्याचं काम केलं. अनुच्छेद १५ मधली एक ओळ आपण फारशी वाचत नाही. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकाला जिथे मज्जाव करता येणार नाही, अशा ठिकाणांची तिथे यादी आहे. त्या यादीतला पहिला शब्द कोणता? दुकाने. उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं नंतर. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत विचारणा झाली, की दुकान म्हणजे नक्की काय काय? बाबासाहेबांनी उत्तर दिलं, त्याचा आशय असा : दुकान हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा. जिथे येईल त्याला आपली सेवा द्यायला मालक तयार असतो, ती जागा म्हणजे दुकान.

किती सुंदर व्याख्या आहे बघा. दुकान मालावरून ठरत नाही, इमारतीवरून ठरत नाही. ‘येईल त्याला’ या दोन शब्दांवरून ठरतं. येणाऱ्यात भेद केला की ते दुकानच उरत नाही.

आता कान्टचा तो धागा परत घेऊ. कान्टला दुकानदाराचं मन तपासायचं होतं. संविधान दुकानदाराच्या मनात डोकावत नाही. तुझ्या मनात काय आहे ते तुझ्यापाशी. पायरी मात्र सगळ्यांना मोकळी ठेव, एवढंच ते सांगतं. काही जण म्हणतील, मन बदलल्याशिवाय काय उपयोग? आम्हाला वाटतं, उपयोग आहे. मन बदलेपर्यंत गिऱ्हाइकाने रस्त्यावर उभं राहायचं, हे न्याय्य नाही. शिवाय रोज सगळ्यांना पायरीवर घेता घेता मनही थोडंफार बदलतं. सवयीचा सद्गुण होतो, हे तर अरिस्टॉटलने फार पूर्वी सांगून ठेवलंय.

पुढचा टप्पा तयार कपड्यांचा. आपल्यापैकी साठीच्या पुढच्यांना शिंप्याकडची माया ठाऊक आहे. दिवाळीच्या आधी बोनस हाती पडला की एकाच ताक्यातून भावंडांचे शर्ट, आणि तेही ‘वाढत्या अंगाचे’. शिंपी आज नाही, उद्या, म्हणत ऐन नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री कपडे द्यायचा. रेडीमेड आलं आणि माप उलटं झालं. पूर्वी कापड अंगाच्या मापाने कापलं जाई. आता एम, एल, एक्सएल हे साचे आधी ठरतात आणि आपलं अंग त्यात बसतं का ते बघायचं. बसलं नाही तर चूक कुणाची? आपण म्हणतो, ‘मी जाड झालो.’ शर्ट चुकीचा शिवलाय, असं कुणी म्हणत नाही! एवढा अधिकार आपण एका चिठ्ठीला दिला.

पण याच रेडीमेडने एक उपकारही केला. कपडे बघून माणसाची जात, गाव, धंदा ओळखता येत असे, ते पुसट झालं. मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवर टांगलेला शर्ट गिऱ्हाइकाचं आडनाव विचारत नाही.

आणि मोठ्या दुकानांच्या या इतिहासात छोट्या दुकानांना विसरू नका, कारण ती बहुतेक बायकांनी चालवली. डोक्यावर पाटी, त्यात स्टीलची भांडी, जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडं देणारी बोहारीण. तिच्याइतकी कापडाची पारख कुणाला असेल? आपण टाकून दिलेली साडी पुढे कुणाच्या अंगावर जाईल, हे ती दारात उभ्या उभ्या सांगू शकेल. किंवा घरातल्या कपाटातून साड्या विकणारी सोसायटीतली वहिनी. दुपारी चार जणी जमतात, साडी अंगावर टाकून बघतात, पैसे हप्त्याने. पाटी नाही, परवाना नाही, पण अनेक घरांचा संसार त्यावर सावरला आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात या दुकानाला नाव नाही.

जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. गिरणगाव त्यातून पुन्हा सावरलं नाही. १९९१ मध्ये अंधेरीला शॉपर्स स्टॉप उघडलं. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आला. जिथे कापड विणलं जायचं तिथे आता कपडे विकले जातात. धुराडं उरलं आहे, शोभेला. विणणाऱ्यांच्या पुढच्या पिढीतल्या कुणाला तिथे काम मिळालंच, तर ते बहुधा दाराशी, गणवेशात.

आणि दार म्हटलं की एक घटना सांगितलीच पाहिजे. १९९९ साली हाजी अलीजवळ मुंबईतला पहिला मोठा मॉल उघडला. गर्दी इतकी झाली, की आत सोडण्यासाठी क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल फोन दाखवा, नाहीतर प्रवेशाचे पैसे भरा, असा नियम काही काळ लावला गेला. लोक संतापले आणि नियम मागे घ्यावा लागला. बघा, जातीचं नाव कुणी घेतलं नाही. अनुच्छेद १५ चं अक्षर कदाचित मोडलंही नसेल. पण ‘येईल त्याला’ हे दोन शब्द मोडले. पायरी नव्या दगडाची झाली, एवढंच.

आज दुकान हातातल्या फोनमध्ये आहे. त्याला पायरी नाही. खेड्यातली मुलगी आणि मलबार हिलवरची मुलगी एकाच पडद्यावर तोच कुर्ता बघतात. न पटलं तर परत करता येतं. आपल्या पहिल्या प्रश्नाला इतकं चांगलं उत्तर इतिहासात पूर्वी मिळालं नव्हतं, हे मोकळ्या मनाने मान्य करू.

दुसऱ्या प्रश्नाचं काय? काट मारलेली मोठी किंमत, शेजारी छोटी किंमत, खाली ‘आज रात्रीपर्यंतच’. हे काय आहे? शंभर सांगून ऐंशीवर यायचं, तेच. घासाघीस परत आली, फक्त आता दोन्ही बाजूंनी दुकानदारच बोलतो. आपण बोलतच नाही. क्वेकर मंडळी असती तर त्या काट मारलेल्या आकड्याकडे बोट दाखवून विचारती, हा भाव तू कधी घेणार होतास का?

तिसऱ्या प्रश्नाची अवस्था अधिक अवघड. पोत बोटाने कळतो, काचेवर बोट फिरवून नाही. कापडाचं ज्ञान आजीच्या चिमटीतून निघालं, ते चिठ्ठीवर गेलं, तिथून अनोळखी माणसांनी दिलेल्या ताऱ्यांवर गेलं.

आणि चौथा प्रश्न? २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली. आत जगभरच्या दुकानांसाठी कपडे शिवणारे कारखाने होते. ११०० हून अधिक माणसं गेली, त्यात बायका मोठ्या संख्येने. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावलं गेलं. शर्ट स्वस्त होता. तो कशामुळे स्वस्त होता, हे त्या दिवशी जगाला दिसलं. कान्टच्या दुकानात मुलाला योग्य भाव मिळतो, हे छान. पण तो कपडा शिवणाऱ्या मुलीला योग्य मोल मिळालं का, हे त्या उदाहरणात नाही. तिथे खादी भांडाराकडेच जावं लागतं.

म्हणजे हिशेब काय झाला? बैठकीच्या दुकानात ओळख होती, पण पायरी सगळ्यांची नव्हती. साहेबाच्या दुकानात भाव एक होता, पण दार निवडक होतं. खादी भांडारात कातणारीची आठवण होती, पण गरिबाला ती परवडत नव्हती. फोनच्या दुकानात पायरीच नाही, पण तिथे शिवणारी दिसत नाही आणि दुकानदारही दिसत नाही. चारही प्रश्नांना एकदम चांगलं उत्तर देणारं दुकान आपण अजून उघडलेलं नाही. जुनं ते सोनं म्हणून गादीवर परत जाता येणार नाही. ज्यांना त्या गादीसमोर रस्त्यावर उभं केलं होतं, त्यांना विचारून बघा.

तेव्हा दिवाळीच्या खरेदीला निघाल तेव्हा भाव जरूर विचारा. त्याच्याबरोबर बाकीचे तीन प्रश्नही विचारा. दुकानदार गडबडेल कदाचित. पण प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक हेच चांगल्या दुकानाचं भांडवल असतं.

इथे थांबू. तुमच्या शंका असतील त्या आता घेऊ.